गाठीत बांधलेल्या हवाई छत्र्या

महायुद्धाच्या काळात तुम्ही काय करत होता, असं कोणी विचारलं की मी सांगतो, "हवाई दलाला माल पुरवत होतो." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विमानं येतात. मी ती येऊ देतो. खरं म्हणजे मी अमरावतीत, कापूस दाबण्याच्या एका कारखान्याच्या कचेरीत बसून टेंडरं भरत होतो. विमान मी उभ्या आयुष्यात एकदाच जवळून पाहिलं, आणि त्या दिवशी ते आलंच नसतं तर बरं झालं असतं.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या गमती लिहा म्हणून सांगितलं. गमती पुष्कळ आहेत. पण आता वय असं झालं आहे की गंमत म्हणून सुरू केलेली कुठलीही गोष्ट नामदेवरावांपाशी येऊन थांबते. दर्यापूरकडे त्यांच्या गावच्या शाळेवर त्यांचं नाव आहे. नावाआधी 'स्वातंत्र्यसैनिक' असं लिहिलेलं आहे. इंग्रजांच्या फौजेचा माल ज्यांनी मुद्दाम नासवला, ते नामदेवराव, हे तिकडे लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. ते खरं नाही, हे ठाऊक असलेली माणसं तीन होती. त्यातले आमचे मालक गेले, नामदेवराव गेले. उरलो मी. तेव्हा आता लिहायलाच हवं.

आमच्या कंपनीचं नाव लांबलचक होतं. गाव तिला नुसतं 'मोठी प्रेस' म्हणे. ज्यांनी हा धंदा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापसातून सरकी वेगळी करतात ती जीन. सरकी काढलेली रुई दाबून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून तिची गाठ बांधतात ती प्रेस. खोलीभर रुई आत जाते आणि दगडासारखी चौकोनी गाठ बाहेर येते. दिवाळीपासून होळीच्या पुढे थोडे दिवस हा हंगाम. एकदा पावसाळा लागला की शेड ओस, बॉयलर थंड आणि आमचे मालक शेटजी त्याहून थंड.

लढाई पेटली आणि शेटजी नागपूरला जाऊन आले. येताना तेच पेटून आले.

"वकीलसाब, सरकार सगळं खरेदी करतंय. तंबू, गाद्या, पाण्याच्या कापडी चागला. आपण सगळं देणार."

"शेटजी, तंबू आपण कधी शिवले नाहीत."

"मग लढाई तरी आपण कुठे केली? ती चालली आहे ना?"

वकीलसाब ही पदवी शेटजींनीच दिलेली. माझे वडील अमरावतीतले वकील. मी वकिलीच्या परीक्षेला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा सन्मानाने परत आलो. पण करार वाचताना 'परंतु' हा शब्द आला की मी चष्मा काढून पुसत असे. तेवढ्यावर शेटजींनी मला ठेकाखात्याचा प्रमुख केलं. खात्यात मी एकटाच होतो, त्यामुळे फारशी चुरस नव्हती.

लष्कराला माल विकणं हा एक वेगळाच व्यवहार आहे. बाजारात गिऱ्हाईक विचारतं, माल चांगला आहे का? लष्कर असं कधीच विचारत नाही. ते आधी लाखेची मोहोर लावलेला एक नमुना पाठवतं आणि विचारतं, तुमचा माल याच्यासारखा आहे का? नमुन्याची शिवण वाकडी असेल तर आपलीही वाकडी हवी. मग करार. त्यात कलमं इतकी की वाचता वाचता लढाई संपावी. आणि शेवटी तपासनीस. तो पास म्हणाला तर माल, नाहीतर चिंध्या.

आमच्या पहिल्या तंबूंना तपासायला एक गोरा कप्तान आला. अमरावतीचा मे महिना. त्याने भर दुपारी एक तंबू उभारायला लावला, आत खाट टाकली आणि पुस्तक घेऊन पडला. थोड्या वेळाने लालभडक होऊन बाहेर आला आणि म्हणाला, "तंबू उत्तम आहे. पण आत माणूस जगणार नाही. नापास." मी करार पुढे केला आणि नम्रपणे म्हणालो की शिवण, कापड, दोर, खुंट्या यांबद्दल कलमं आहेत, उन्हाबद्दल नाही. त्याने करार दोनदा उलटापालटा केला, माझ्याकडे पाहिलं आणि तंबू पास केले. शेटजींनी मला मिठी मारली. त्या दिवसापासून माझी अशी समजूत झाली की कलम नीट वाचलं तर वऱ्हाडचा उन्हाळासुद्धा मागे हटतो. माझी जी काही वाताहत आहे ती या समजुतीपासून सुरू होते.

दोन वर्षं तंबू आणि चागला देऊन आमचं नाव झालं आणि मग हवाई छत्र्यांचं काम आलं. ब्रह्मदेशाच्या जंगलात फौजा होत्या आणि तिथे रस्ते नव्हते. विमानातून तांदळाची, डाळीची पोती खाली सोडायची. ती फुटू नयेत म्हणून पोत्याला कापडी छत्री. छत्री एकदाच वापरायची आणि जंगलात सोडून द्यायची, म्हणून रेशमाऐवजी साधं सुती कापड. हे ऐकून शेटजींनी हात जोडले. एकदा वापरून टाकून द्यायची वस्तू विकायला मिळणं याला धंद्यात फार भाग्य लागतं.

पावसाळ्यात ओस पडणाऱ्या जीनच्या शेडमध्ये शिंपी बसले, बायका बसल्या. जिच्या नवऱ्याची शेती पावसावर आणि घर हिच्या हातावर अशा कितीतरी बाया तिथे दोऱ्या ओवत होत्या. काम नमुन्याबरहुकूम झालं. आता माल पाठवायचा, आणि घोडं तिथे अडलं. बडनेऱ्याला मालगाडीच्या वॅगनी मिळेनात. वॅगन मागायला गेलं की स्टेशनातले बाबू विचारत, "काय आहे मालात?" छत्र्या म्हटलं की हसत. आणि त्यांचंही खरं होतं. घडी घातलेली छत्री म्हणजे निम्मं कापड आणि निम्मी हवा. वॅगनभर हवा घेऊन आम्ही लढाई जिंकायला निघालो होतो.

मी करार उघडला. बांधणीबद्दल एकच कलम होतं. माल 'सुरक्षित व आटोपशीर' बांधावा. आटोपशीर! मी चष्मा काढून पुसला. वऱ्हाडात आटोपशीर म्हणजे काय हे कोणाला सांगायला हवं? समोरच्या खिडकीतून प्रेस दिसत होती.

मी नामदेवरावांना बोलावलं. ते प्रेसचे फोरमन. कुणबी घरातले, दर्यापूरकडचे. गावी भावांबरोबर काळी जमीन होती, पण त्यांचा जीव यंत्रात. गाठ बाहेर आली की बोटाच्या पेराने पट्टीवर टकटक करत आणि आवाज ऐकून सांगत, ठीक की ढिली. ढिली निघाली तर ज्याने पट्टी ओढली त्याच्याशी दिवसभर बोलत नसत.

"नामदेवराव, कापड दाबता येईल का?"

"कापूस दाबतो तं कापड काहून नाई जी? कापड म्हंजे कापूसच, जरासा शिकलेला."

"छत्र्या आहेत. विमानाच्या."

"इमानाच्या असो का रेल्वेच्या. मानूस सोडून सारं दाबतो मी."

दोघांपैकी कोणाच्याही मनात आलं नाही की ही वस्तू उघडण्यासाठी केलेली आहे. आज हे वाक्य लिहिताना मला हसू येतं, पण तेव्हा खरोखर आलं नाही. आमच्या भागात मऊ वस्तू दिसली की ती दाबायची असते. आमच्या वडलांनी तेच पाहिलं, आजोबांनी तेच पाहिलं. जितकी घट्ट तितकी इज्जत.

पहिली गाठ फसली. रुई रुईला धरून बसते, कापड सरकतं. दाब येताच मधल्या छत्र्या निसटल्या, गाठीला पोट सुटलं आणि एक बाजू फुटून दोऱ्या लोंबू लागल्या. नामदेवराव तिच्याकडे असे पाहत उभे राहिले की जणू कोणी भर बाजारात शिवी दिली. जेवणाची सुट्टी झाली, ते जेवले नाहीत.

"वकीलसायेब, थांबा दोन दिवस," एवढंच म्हणाले.

आणि त्यांनी जे केलं ते मी नीट लिहून ठेवतो. त्यांनी छत्र्यांचा एक थर उभा आणि त्यावरचा आडवा असे थर रचले, म्हणजे एकाला सरकावंसं वाटलं तर दुसरा त्याला अडवील. दोन थरांमध्ये गोणपाट घातलं. दोऱ्या प्रत्येक छत्रीच्या पोटात वळवून ठेवल्या, एकही बाहेर नाही. मग दाब एकदम न देता थोडा दिला, थांबले, थर बसू दिले, पुन्हा दिला. पट्ट्या स्वतः ओढल्या. जी गाठ बाहेर आली तिच्या चारही कडा गवंड्याच्या ओळंब्यासारख्या सरळ होत्या. पट्टीवर पेर मारलं तर घंटेसारखा नाद आला. अशी गाठ मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतर कुठल्याही प्रेसमध्ये पाहिली नाही. शेजारच्या प्रेसमधले लोक बघायला आले आणि काही न बोलता परत गेले, यापेक्षा मोठी दाद आमच्या धंद्यात नाही.

गाठीवर प्रेसचा शिक्का असतोच. नामदेवरावांनी मला विचारलं, "जी, याच्यावर माहं नाव टाकू का?" कापसाच्या गाठीवर त्यांनी कधी टाकलं नव्हतं. मी म्हटलं, टाका की. त्यांनी निळ्या रंगाने प्रत्येक गाठीवर शिक्क्याखाली लिहिलं, नामदेव.

वॅगनी निम्म्याहून कमी लागल्या. स्टेशनातल्या बाबूंचं हसणं बंद झालं. शेटजींनी मला दुसऱ्यांदा मिठी मारली. पहिला माल अकोल्याला जाऊन पडला. तिथे नवी धावपट्टी झाली होती आणि छत्र्यांची चाचणी तिथेच व्हायची होती. मध्ये पावसाची झड लागली. गाठी दमट गोदामात तशाच राहिल्या, चांगल्या घट्ट, कडा सरळ.

चाचणीच्या दिवशी शेटजींनी धावपट्टीच्या कडेला मांडव घातला. अमरावती-अकोल्याचे वकील, हेडमास्तर, डॉक्टर, दोन आडते, सगळ्यांना आमंत्रण. पेढ्यांची ताटं. शेटजींचं म्हणणं असं की विमान वऱ्हाडातून उडतंय आणि छत्री आपली आहे, तर चार माणसांनी पाहायला नको? तपासायला एक मेजर आला होता. उंच, वाळका, न हसणारा. तो इंग्रजीशिवाय बोलत नव्हता, म्हणून दुभाषा मी. नामदेवरावांना मीच आग्रहाने आणलं. नवं धोतर, फेटा, कपाळावर बुक्का. मांडवात बसायला तयार होईनात. बाहेर उन्हात उभे राहिले.

गाठी फोडल्या, छत्र्या पोत्यांना बांधल्या, विमान वर गेलं. फिरून आलं. पोटातून पहिलं पोतं सुटलं. सगळ्यांनी माना वर केल्या. पोतं सरळ खाली आलं. म्हणजे अगदी सरळ. धप्प असा आवाज झाला आणि तांदळाचा पांढरा लोट उठला. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे असंच असतं. दुसरं पोतं तसंच. तिसऱ्याची छत्री अर्धवट फुगली, मग तीही मिटली आणि पोतं मांडवाच्या दिशेने येऊ लागलं. त्यानंतर मांडवात कोण कोणाच्या अंगावरून गेलं हे मी लिहीत नाही, त्यातल्या काहींची नातवंडं हा अंक वाचतात. पोतं मांडवापलीकडे पडलं. पेढे मात्र वाचले नाहीत.

काय झालं होतं ते आता कोणालाही कळेल. कापडाला गिरणीची खळ होती. दमट हवा लागली, वर प्रेसचा दाब, आणि घडीवर घडी चिकटून बसली. छत्री उघडणार कशी? तिची पाटी झाली होती.

नामदेवराव धावत पहिल्या पोत्यापाशी गेले. मेजर आणि मी मागोमाग. नामदेवराव गुडघ्यावर बसले, छत्री हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि माझ्याकडे पाहून त्यांचा चेहरा असा खुलला की मी तो विसरूच शकत नाही.

"वकीलसायेब, पाहा! एवढ्या वरून पडली अन् घडी मोडली नाई!"

"हा काय म्हणतो?" मेजरने विचारलं.

मी सांगितलं, "तो म्हणतो, घडी सुटली नाही."

"तो आनंदात दिसतो आहे."

यावर दुभाष्याने काही बोलायची गरज नव्हती. म्हणून मी बोललो नाही.

दुपारी डाक बंगल्याच्या व्हरांड्यात चौकशी झाली. मेजरने स्पष्ट सांगितलं की ठेका रद्द होणार, आणि ज्या कंपनीचा माल असा निघाला तिला पुन्हा लष्कराच्या दारात उभं करणार नाहीत. त्याने आवाज चढवला नाही. फक्त एवढं म्हणाला, "जंगलात माणसं वर बघत उभी असतात." ते वाक्य मला तेव्हा लागलं नाही, तेव्हा मी कलमं आठवत होतो.

शेटजी मला कोपऱ्यात घेऊन गेले. "वकीलसाब, शेडमध्ये किती बाया बसतात? उद्या त्यांना काय सांगू? कुछ रास्ता निकालो."

रस्ता होता. करारातच होता. शत्रूच्या किंवा राजद्रोह्यांच्या घातपाताने माल बिघडला तर ठेकेदाराला दोष नाही, त्याने माल पुन्हा भरून द्यावा. बेचाळीसनंतरचे ते दिवस. तारा तुटत होत्या, रूळ उखडत होते. मी व्हरांड्यात परत आलो आणि म्हणालो, "सध्याची परिस्थिती पाहता घातपाताची शक्यता नाकारता येत नाही, सर."

मेजरने पेन्सिल खाली ठेवली. "अशा बांधणीचा हुकूम कोणाचा होता?"

"बांधणीचं काम प्रेसच्या फोरमनकडे असतं."

दोन्ही वाक्यं खरी होती. पहिलं तर जगात कुठल्याही गोष्टीबद्दल खरं असतं. वकिलीच्या परीक्षेत मला हेच जमलं नव्हतं. त्या दिवशी मात्र पहिल्या वर्गात पास झालो. नाव मी घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. गाठीवर निळ्या रंगात होतं.

दोन दिवसांनी पोलीस मोठ्या प्रेसमध्ये आले. नामदेवराव यंत्राला तेल देत होते. जाताना खालच्या माणसाला म्हणाले, "पट्टी ढिली सोडू नोको, मी येतोच आत्ता." ते लढाई संपल्यावर आले.

ठेका वाचला. अमरावतीतल्या सगळ्या धोब्यांनी छत्र्यांची खळ काढली आणि गावाबाहेरच्या माळावर त्या अशा वाळत पडल्या की लांबून वाटावं, पांढरी कुत्र्याची छत्री उगवली आहे. नवा माल वेताच्या टोपल्यांत मोकळा भरून गेला आणि पुढच्या चाचणीत झकास उघडला. त्या वर्षी गावातल्या बऱ्याच पोरींच्या परकरांचं कापड फार ओळखीचं वाटे, पण ते राहू द्या. मला बढती मिळाली. आता माझ्या खात्यात दोघे झालो.

अकोल्याच्या तुरुंगात मी नामदेवरावांना एकदा भेटायला गेलो. चिवडा घेऊन गेलो होतो. माणसाला तुरुंगात टाकून त्याला चिवडा न्यावा, हे सुचायलाही एक डोकं लागतं. त्यांची प्रकृती बरी होती. गोंधळलेले मात्र होते.

"वकीलसायेब, आत मोठे मोठे लोक हायेत. मास्तर, वकील, खरे वकील. सारे मले नमस्कार करतात. काहून करतात जी?"

"तुम्ही देशासाठी..." मी म्हणालो.

"मी तं गठाण बांधली. तुमी सांगतली तशी. त्याईले सांगतो तं हासतात. म्हणतात, असंच म्हणत राहा, पोलिसाले कळू देऊ नोको." मग जाळीजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुमी मेजराले सांगा ना. तुमचं आयकीन तो."

मी सांगतो म्हणालो. चिवडा आत पाठवला आणि घरी आलो.

लढाई संपली, ते सुटले. दर्यापुरात मिरवणूक निघाली. मग ते मोठ्या प्रेसच्या फाटकात आले. शेटजींनी त्यांना हार घातला, शेजारी बसवलं, दूध दिलं आणि कामावर घेतलं नाही. ते दुसऱ्या प्रेसमध्ये गेले, तिसऱ्यात गेले. अकोला, बार्शीटाकळी, सगळीकडे तेच. मालक उठून उभे राहत, पाया पडत आणि म्हणत, आपण तर देशभक्त, आपल्याला आम्ही काय काम सांगावं. खरी गोष्ट एवढीच होती की ज्याने एकदा मुद्दाम माल नासवला त्याच्या हातात आपली प्रेस द्यायला कोणी तयार नव्हतं. त्या माणसाने पुन्हा गाठ बांधली नाही. भावांच्या शेतात गेले आणि तिथेच राहिले.

एका वाक्यात मी हे थांबवू शकलो असतो. शेटजींना तर ठाऊकच होतं, बाकीच्यांना मी सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे स्वराज्य आल्यावर सांगायचं की घातपात झालाच नव्हता, मी इंग्रजांपुढे एका निरपराध माणसाकडे बोट दाखवलं होतं. लोक मला एव्हाना 'नामदेवरावांचे सहकारी' म्हणू लागले होते. एका सभेत मलाही हार घातला. मी तो घरी नेला. ताजा होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी दर्यापुरात त्यांचा मोठा सत्कार झाला आणि भाषणाला मला बोलावलं. मी बोललो. फार छान बोललो, असं तिथले लोक म्हणाले. एका साध्या कामगाराने साम्राज्याच्या छत्र्या कशा मिटवल्या वगैरे. नामदेवराव खाली मान घालून बसले होते. उत्तराला उठले आणि म्हणाले, "साहेब बोलले ते खोटं हाय. मी खराब गठाण कधी बांधली नाई. तेवढं आयका." आणि खाली बसले.

असा टाळ्यांचा कडकडाट मी आयुष्यात ऐकला नाही. अध्यक्षांनी डोळे पुसले. म्हणाले, काय हा विनय!

सभा संपल्यावर आम्ही दोघे बसची वाट पाहत उभे होतो. त्यांच्या गळ्यात हार, हातात नारळ.

"वकीलसायेब, जेल मले चालली," ते म्हणाले. "हे नाई चालून राह्यलं. तुमी एक डाव खरं बोला ना जी."

"नामदेवराव, एवढा मान आहे. कशाला आता?"

"मान तुमी घ्या. मले माहं काम वापस द्या."

बस आली. त्यांना जागा मिळाली, मला मिळाली नाही. मी हात हलवला. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

हा लेख इथवर लिहून झाला तेव्हा तो छापायला देण्याआधी त्यांच्या घरी वाचून दाखवावा असं मनाने घेतलं. धैर्य म्हणून नव्हे. छापल्यावर कोणी शिव्या घालायला आलं तर 'तुम्हाला आधीच सांगितलं होतं' असं म्हणता यावं म्हणून. कलमं वाचायची सवय अजून गेलेली नाही. दर्यापूरहून जीपने गेलो. त्यांच्या पत्नी अनुसयाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांचे चिरंजीव वासुदेव त्याच शाळेत मास्तर, जिच्यावर वडलांचं नाव आहे. मी पहिल्यापासून वाचलं. चिवड्याचंही वाचलं.

वासुदेव मास्तरांचा चेहरा उतरला. "काका, हे नोका छापू. शाळेचं नाव काढून टाकतीन लोक. पोराईले काय सांगू मी उद्या?"

"खरं आहे तुमचं," मी म्हणालो आणि पानं मिटू लागलो. मनातून सुटल्यासारखं वाटलं, हेही इथे लिहून टाकतो.

"वाश्या, चूप बस." अनुसयाबाईंनी सूप खाली ठेवलं. "तुले काय माईत? हार घालू घालू काम नासवनारा म्हणलं लोकाईनं तुह्या बापाले. घरी ये, हार खुटीले टांगे, अन् त्या दिवशी जेवे नाई." मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, ते गठाणीचं पुन्हा वाचा."

"कुठलं, वहिनी?"

"उभा थर, आडवा थर. तेवढंच."

मी वाचलं. त्यांनी विचारलं, "म्हंजे गठाण बराबर होती?"

"बरोबर होती. चूक माझी होती."

"ते असो. गठाण बराबर होती ना? तसं लिवलं हाय?"

"लिहिलं आहे."

"वाश्या, तू वाच आता. मोठ्यानं वाच."

वासुदेव मास्तरांनी माझ्या हातून पान घेतलं, उभे राहिले आणि वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचू लागले. शेजारची दोनचार माणसं काय चाललंय म्हणून आत आली. वाचून झाल्यावर एका म्हाताऱ्याने विचारलं, आडवा थर कसा म्हणता? दुसऱ्याने अंगणातल्या रिकाम्या पोत्यांच्या घड्या एकावर एक ठेवून दाखवायला सुरुवात केली. तिसरा म्हणाला, तसं नाही, दोरी आत गेली पाहिजे. माझ्या अपराधाबद्दल कोणी काहीतरी बोलेल म्हणून मी बराच वेळ बसून राहिलो. पण अंगणात सगळं बोलणं गाठीचंच चाललं होतं.